प्रायोगिक तत्त्वावर एक महिना

११ ऑक्टोबर १९८६, शनिवार

ही डायरी जानेवारीत युनियनने वाटली. पहिल्या पानावर मी उत्साहाने सगळं भरलं. महिपत शिगवण, वाहतूक नियंत्रक, खेड आगार. रक्तगट माहीत नव्हता म्हणून ती जागा कोरी सोडली, आणि पुढचे नऊ महिनेही कोरेच गेले. आज लिहायला बसलो तो डॉक्टरांच्या हुकमाने. ब्लडप्रेशर वाढलंय म्हणाले. मीठ बंद. दुपारचं जेवण वेळेवर, त्यावर एक गोळी. आणि रागवायचंच असेल तर कागदावर रागवा, माणसांवर नको.

तर राग. मैनाचं रत्नागिरीहून पत्र आलंय. दिवाळीनंतर मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढणार आहेत, दुसऱ्या सत्रासाठी ज्याने त्याने आपली सोय बघायची. आमच्या मुलीने ती बघून ठेवलीसुद्धा. झाडगावात एक खोली, सोबत वर्गातली शमीम. पत्रात ‘आप्पा, परवानगी द्याल का’ असं एक वाक्य आहे, पण ते सर्वांत शेवटी. त्याच्या आधी स्टो कुठे ठेवणार तेही लिहिलंय.

विमलाने पत्र वाचलं आणि म्हणाली, बरं झालं, पोर सुटी झाली. मी म्हटलं, सुटी झाली म्हणजे काय? ती म्हणाली, डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी डायरी शोधायला लागलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अटींची यादी केली. एक, खोली एसटी स्टँडपासून पंधरा मिनिटांच्या आत. दोन, खिडकीला गज. तीन, दाराला आतून दोन कड्या. चार, घरमालक सहकुटुंब आणि वयस्कर. पाच, मी स्वतः पाहणी केल्याशिवाय काही नाही. विमलाला वाचून दाखवली. ती म्हणाली, लग्न ठरवताना तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या गावाला एसटी येते का. मला हे आठवत नाही. पण विचारला असेन.

शमीमचे वडील कमालभाई दाभोळचे, जहाजावर असतात. त्यांनी कुठल्याशा बंदरातून दोन ओळी पाठवल्यात म्हणे, ‘शमीमला पटलं तर मलाही पटलं.’ समुद्रावर असलेल्या माणसाला असं लिहिणं सोपं आहे. आम्हाला जमिनीवर राहून काळजी करावी लागते.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाहणी झाली. स्टँडपासून घड्याळ लावून चाललो. माझ्या पावलांनी अकरा मिनिटं, मैनाच्या पावलांनी तेरा धरली. वाटेत दोन किराणा दुकानं, एक पिठाची गिरणी, आणि एक सलून. सलूनसमोर मी जरा उभा राहिलो आणि आत बसलेल्या लोकांकडे रोखून पाहिलं. ते बिचारे दाढी करून घेत होते.

घरमालकीण हौसाबाई. जन्मभर गावोगाव फिरून बाळंतपणं केलेल्या निवृत्त नर्स, एकट्या राहतात. म्हणजे ‘सहकुटुंब’ ही अट तिथेच पडली. मी प्रश्न विचारायला गेलो होतो, पण त्यांनीच मला विचारले. नोकरी काय, तब्येत कशी, मुलीला चूल येते का, आणि तुम्हाला येते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही.

खोली मागच्या अंगणाला आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. चांगली आहे, आणि मला तेच खटकत होतं. शेवटी खिडकी तपासायला घेतली. गज पक्के आहेत की नाहीत हे बघायला एकेक धरून हलवला. चौथा माझ्या हातात आला. चौकटीसकट नाही, नुसता गज, पण आला. मैना, शमीम आणि हौसाबाई तिघी माझ्याकडे बघत होत्या आणि मी गज धरून उभा.

हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, “तीस वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. आता घरफोडी झालीच आहे तर दुरुस्तीही तुम्हीच करून जा.”

दुपारचे तीन तास मी सुतारकाम केलं. मैना खिळे देत होती आणि शमीम तोंडाला ओढणी लावून हसत होती. परतीच्या गाडीत लक्षात आलं की या सगळ्यात परवानगी दिली की नाही हे मी सांगितलंच नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

अंगठा सुजलाय. विमला विचारते, खोलीत काय वाईट होतं? मी म्हटलं, एक गज ढिला होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

मैना दिवाळीला घरी आहे. काल भाऊबीज झाली. आज मी विषय काढला. म्हटलं, बाय, एक सत्र घरूनच अभ्यास कर, परीक्षेला जाऊन ये. ती पोहे निवडत होती. मान वर न करता म्हणाली की प्रॅक्टिकल घरून होत नाहीत. प्रॅक्टिकल बुडली तर बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर खेडजवळ लोट्याच्या केमिकल कंपनीत प्रयोगशाळेतली जागाही गेली, कारण त्यांना उन्हाळ्यातच माणसं हवीत. हे सगळं तिने न रागावता सांगितलं. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मग मला एक गोष्ट सुचली आणि मी स्वतःवर फार खूश झालो. एसटीत नवी फेरी सुरू करताना आम्ही ती आधी महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर चालवतो. प्रवासी मिळाले तर कायम, नाही तर बंद. म्हटलं, तसंच करू. सतरा नोव्हेंबर ते सतरा डिसेंबर. महिन्यात एक जरी गोष्ट बिघडली तरी सामान बांधायचं आणि घरी यायचं. वर्ष गेलं तर गेलं.

विमलाने भांडं जरा जोरात ठेवलं. मैनाने विचारलं, “काय बिघडलं म्हणजे बिघडलं, ते कोण ठरवणार?”

“नियंत्रक,” मी म्हटलं.

तिने पोह्यांचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, चालेल, पण नोंदी व्यवस्थित ठेवायच्या. मुलगी माझ्यावर गेलीय, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे पान लिहायला हात धजत नाही.

मैनाचं सामान म्हणजे वळकटी, स्टो, भांड्यांचं पोतं, तांदूळ, कुळथाचं पीठ, सुक्या जवळ्याचा डबा आणि पुस्तकांची ट्रंक. सगळ्यावर मी स्वतः रंगाने नाव घातलं होतं. मैनाला दुपारच्या रत्नागिरी गाडीत खिडकीशी बसवलं. शेजारच्या फलाटावर मुंबईला जाणारी गाडी उभी होती, पाटी ‘रत्नागिरी - मुंबई’. वीस वर्षं मी रोज प्रवाशांना ओरडून सांगतो, बाबांनो, पाटीवरचं दुसरं नाव वाचा, गाडी तिकडे जाते. धोंडू हमाल सामान उचलून म्हणाला, साहेब, ह्याच गाडीच्या टपावर ना? मी म्हटलं, हो. त्याने परत विचारलं. मी म्हटलं, धोंडू, मला शिकवतोस?

मग मी माईकवर गेलो आणि स्वतःच्या तोंडाने घोषणा केली की रत्नागिरीहून आलेली, मुंबईकडे जाणारी गाडी फलाट दोनवरून सुटत आहे. ती सुटली. टपावर ‘कु. मैना शिगवण, रत्नागिरी’ असं लिहिलेली ट्रंक मला पाठमोरी दिसली. मी माईक हातात धरूनच उभा होतो. तोवर रत्नागिरीची गाडीही सुटली होती. त्यात मैना होती आणि तिच्याबरोबर एक पिशवी.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं विमला हसेल. ती म्हणाली, “तुम्हाला ती जायला नको होती ना? मग सांगायचं सरळ. सामानाला कशाला फिरवता?”

काहीतरीच बोलते. माणसाच्या हातून चूक होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. मुंबईला फोन करून सामान उतरवून घ्यायला सांगितलं. तिकडच्या माणसाने विचारलं, नियंत्रक कोण होता? मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

मैनाकडे स्टो नाही म्हणजे जेवण नाही. विमलाने डबा भरून दिला. तो दुपारी सव्वाच्या रत्नागिरी गाडीने फारुक कंडक्टरकडे पाठवला. फारुकची गाडी पाचला पोचते, तिथे रात्रीचा मुक्काम करते आणि सकाळी सव्वादहाला परत खेडला. मैना कॉलेजातून येताना स्टँडवर डबा घेणार आणि सकाळी रिकामा परत देणार. फारुकला सांगून ठेवलंय, डबा देताना मुलगी नीट बघायची. डोळे लाल आहेत का, आवाज कसा आहे, आणि मला रोज अहवाल द्यायचा. तो म्हणाला, साहेब, मी तिकिटं फाडतो, डॉक्टर नाही. पण कबूल झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सामान मुंबई बघून आलं. आज ते बरोबर गाडीत चढवलं. धोंडूने या वेळी चारदा विचारलं आणि मी चारही वेळा उत्तर दिलं. फारुकचा अहवाल असा की डोळे ठीक, आवाज ठीक, ताई हसत होत्या. तीन दिवस हौसाबाईंच्या चटईवर झोपून आणि त्यांच्याच चुलीवर चहा करून हसत होती. मला वाटलं होतं निदान एखादं रडकं पत्र येईल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टो पोचला म्हणून विमलाने मैनाचा डबा बंद केला. म्हणाली, तिनेच कळवलंय, आई पाठवू नको, आम्ही दोघी करतो. मी म्हटलं, प्रॅक्टिकल करून दमून येते, चूल कशी पेटवेल? विमला म्हणाली, आग पेटवायलाच शिकतायत ना तिथे? माझा डबा मात्र रोज येतो, अळणी, डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मैनाच्या डब्याची व्यवस्था झाली. कशी ते लिहीत नाही, कारण विमला ही डायरी वाचते असा मला संशय आहे. एवढंच नोंदवतो की मला हल्ली दुपारी भूक नसतेच. एक वडा खाल्ला की भागतं, पण वड्यात मीठ असतं, म्हणून नुसता चहा घेतो.

फारुक विचारत होता, साहेब जेवलात का? मी म्हटलं, हो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गोष्ट लक्षात आली. फारुक हल्ली रोज विचारतो. जेवलात का, गोळी घेतलीत का. आधी चार वर्षांत त्याने मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्याला मुक्कामाची ड्युटी बदलून हवी असणार. मी ओळखून आहे, पण तोंडावर दाखवत नाही.

दुसरी गोष्ट. माझ्या डब्यात आता दोनऐवजी चार भाकऱ्या असतात, आणि भाजीही दुप्पट. मीठ काढलं म्हणून भाकरी वाढवली असेल. बायकांचा हिशेब वेगळाच असतो. मला काय, मैनाला पोटभर होतात.

२ डिसेंबर, मंगळवार

अहवाल: ताई ठीक. शमीमताई ठीक. हौसाबाईंनी विचारलंय, साहेबांचा अंगठा बरा आहे का.

काही म्हणता काही बिघडत नाही. मी इतकं बारीक लक्ष ठेवून आहे, पंधरा दिवस झाले, साधी कडीसुद्धा अडकली नाही. संध्याकाळी घरी आलो की तिची खोली उघडून बघतो. तिथे काही नसतं. दोन वर्षं ती वसतिगृहात होतीच, तेव्हा मी असं करत नव्हतो. तेव्हा तिच्यावर रेक्टर होत्या, म्हणजे ती कोणाच्या तरी ताब्यात होती. आता तिच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असते. मला तिची आठवण येते. हे एवढं वाक्य लिहायला दीड महिना लागला.

९ डिसेंबर, मंगळवार

आज फजिती. दुपारी एकच्या सुमारास माईकवर दापोली गाडी पुकारली, मग परत दापोलीच पुकारली, मग म्हणे तिसऱ्यांदाही. फलाट फिरल्यासारखा झाला. धोंडूने खुर्ची सरकवली, फारुकने पाणी दिलं. दापोलीचा प्रवासी मात्र एकही राहिला नाही, सगळे वेळेवर चढले.

फारुकने विचारलं, जेवलात का? मी म्हटलं, आत्ताच. तो माझ्या टेबलाकडे बघत होता. तिथला डबा तोच गाडीत घेऊन जाणार होता. मग खिशातून कसलासा कागद काढून त्यावर टिपून घेतलं. ड्युटी बदलीचा अर्ज असणार. म्हातारा साहेब चक्कर येऊन पडला तर नव्या साहेबाला द्यायला बरा.

विमलाला चक्करचं सांगितलं नाही. संध्याकाळी तिने आपणहून विचारलं, आज बरं वाटतंय ना? मी म्हटलं, का? ती म्हणाली, सहज.

१६ डिसेंबर, मंगळवार

उद्या महिना पुरा होतो. नोंदी तपासल्या. बिघाड: शून्य. म्हणजे नियमाने फेरी कायम करायला हवी. खरं लिहायचं तर मी गेले चार दिवस बिघाड शोधतोय. फारुकला विचारलं, डबा घ्यायला एखाद दिवस उशिरा आली का? नाही म्हणाला. कोणी सोबत होतं का? शमीमताई. आणखी कोणी? तो म्हणाला, साहेब, हौसाबाईंची मांजर एकदा आली होती.

उद्यापासून फारुक रजेवर आहे. बहीण फरीदाचं लग्न. त्याच्या जागी धाकू म्हणून नवा कंडक्टर. आज दुपारची गाडी तोच घेऊन गेला, सकाळी परत तोच घेऊन येईल.

१७ डिसेंबर, बुधवार

सव्वादहाला धाकू आला आणि डबा टेबलावर ठेवून गेला. रोजचा रिकामा डबा समजून मी तो खाली सरकवला. जड लागला, पण तेवढ्यात गुहागरची गाडी लागली.

एकला मी घरून आलेला माझा डबा रोजच्यासारखा धाकूकडे दिला. त्याने घेतला नाही. खिशातून चौघडी कागद काढला आणि शाळेत धडा म्हणावा तसं विचारलं, “साहेब, जेवलात? गोळी घेतलीत? हो की नाही ते इथे लिहायचंय. आणि फारुकभाई म्हणाले, साहेब हो म्हणतील, पण तू टेबल बघ.”

मी कागद हातातून घेतला. आमच्या फेरीपत्रकासारख्या लाल शाईने आखलेल्या रेघा, आणि अक्षर मैनाचं. वर लिहिलं होतं: ‘आप्पा. प्रायोगिक तत्त्वावर एक महिना.’ खाली रकाने. तारीख. जेवले का, सांगणं. जेवले का, खरं. गोळी. शेरा.

२४ नोव्हेंबर. सांगणं हो. खरं नाही. शेरा: डबा आला, अळणी. म्हणजे हा त्यांचाच.

२८ नोव्हेंबर. सांगणं हो. खरं नाही. शेरा: आईला कळवून चार भाकऱ्या करायला लावल्या. त्यातल्या दोन त्यांच्या होत्या. चारही इकडे आल्या.

९ डिसेंबर. सांगणं हो. खरं नाही. शेरा: चक्कर.

असं रोजचं. एक दिवस सुटलेला नाही. खालच्या बाजूला चार ओळी होत्या.

‘आप्पा, महिना संपला. नोंदी बघता तुमची फेरी नापास आहे, पण मला ती बंद करायची नाही. आजचा डबा मी केलाय, मीठ घातलेलं नाही. तुमच्या अंगठ्याने बसवलेला गज अजून पक्का आहे. डबा जेवून रिकामा पाठवा. रिकामा आला की मी समजेन, दोघांच्याही फेऱ्या कायम.’

धाकू उभा होता. सव्वाची गाडी लागली होती, ड्रायव्हर वर बसला होता, प्रवासी खिडकीतून घड्याळं बघत होते. मी टेबलाखालून सकाळचा डबा काढला. कुळथाची पिठी, वालाची उसळ, तीन भाकऱ्या. भाकरी जाड होती आणि एका कडेला करपलेली. माझ्या आईच्या भाकऱ्याही एका कडेला करपायच्या, आणि मैनाने तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

मी जेवलो. मध्येच रडलोही. तेही लिहून टाकतो, डॉक्टरांनी कागदावर परवानगी दिलीच आहे. धोंडू पाण्याचा तांब्या ठेवून पाठ करून उभा राहिला. कोणी हॉर्न वाजवला नाही. पिठीला मीठ नव्हतं पण आमसूल होतं, मी ती बोटाने पुसून खाल्ली, डबा धुतला आणि वर गोळी घेतली. मग मैनाच्या कागदावर आजच्या तारखेपुढे सांगणं आणि खरं दोन्हींत ‘हो’ लिहिलं, शेऱ्यात ‘कायम’ लिहिलं आणि खाली हुद्द्यासकट सही केली. माझा डबा धाकूला दिला, म्हटलं, हा तू खा, मीठ वरून घे.

वीस वर्षांत माझ्या हातून सव्वाची गाडी कधी थांबली नव्हती. आज ती एक वाजून एकोणतीस मिनिटांनी सुटली. रजिस्टरमध्ये उशिराच्या कारणाचा रकाना असतो. टायर, इंजिन, वाटेत गुरं, असली कारणं मला तोंडपाठ आहेत. मी पेन उचललं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: नियंत्रक जेवत होते.